शिवेवरून मागे पाहताना

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा पुढच्या शिक्षणासाठी प्रथमच परगावी निघतो, तेव्हा आई एस. टी.पर्यंत पोचवायला येते, धाकटी बहीण हात हलवते आणि गाडी धुरळा उडवीत चालू लागते. गावाची शीव ओलांडून रस्ता चढावर वळतो. त्या वळणावर मुलगा नकळत मागे पाहतो. निंबाच्या झाडांचा एक पुंजका, त्यातून डोकावणारा देवळाचा कळस, पाण्याची उंच टाकी आणि सभोवार पसरलेले सोयाबीनचे व तुरीचे हिरवे शिवार, एवढे सारे त्याला एका दृष्टीत दिसते. जन्मापासून तो ज्या गावात राहिला, ते गाव संपूर्ण असे त्याने आजवर पाहिलेलेच नसते. त्याने पाहिलेली असते ती गल्ली, घराचा ओटा, शाळेची घंटा आणि विहिरीचा काठ. गाव दिसण्यासाठी गावाबाहेर पडावे लागले.

मानवजातीचीही काहीशी अशीच कथा आहे. पृथ्वीच्या पाठीवर माणूस लाखो वर्षे वावरला. पण ही पृथ्वी दिसते कशी, हे मात्र त्याला अगदी परवापरवापर्यंत डोळ्यांनी पाहता आले नव्हते. जे दिसत नाही ते बुद्धीने जाणावे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता. आणि तो मार्ग त्याने मोठ्या धैर्याने चोखाळला. वाशिम शहरात मध्यमेश्वराचे एक देऊळ आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या या नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. भारतीय ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत, लंकेपासून उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून मेरू पर्वताकडे जाणारी पृथ्वीची जी मध्यरेषा सांगितली आहे, तिच्यावरील स्थानांत वत्सगुल्माचे नाव येते. ती रेषा या देवळावरून जाते, अशी वाशिमकरांची श्रद्धा आहे. आजच्या नकाशात पाहिले तर वाशिम हे उज्जैनच्या सरळ दक्षिणेस नाही, एका अंशाहून थोडे अधिक पूर्वेला आहे. परंतु यात हसण्यासारखे काही नाही. ज्यांच्याजवळ ना दुर्बीण होती ना विमान, त्यांनी शंकूची सावली मोजून आणि ग्रहणांच्या वेळा टिपून एका अदृष्ट गोलावर अदृश्य रेषा आखली, आणि ती एवढी जवळ आली! पृथ्वीचे हेही एक चित्रच होते. ते केवळ मनाने काढलेले होते.

डोळ्यांना दिसणारे चित्र यायला १९४६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक अग्निबाण उडाला. तो मुळात जर्मनीने युद्धात शहरांवर संहार करण्यासाठी बनविलेल्या जातीचा होता. युद्धानंतर तो अमेरिकेच्या हाती आला होता. स्फोटकांच्या जागी त्यात शास्त्रीय उपकरणे आणि एक कॅमेरा बसविला होता. दर दीड सेकंदाला एक छायाचित्र टिपीत तो सुमारे १०५ किलोमीटर उंच गेला आणि तेथून दगडासारखा खाली आला. कॅमेऱ्याचा चुराडा झाला. पण फिल्म पोलादी डबीत असल्याने वाचली. तिच्यावर काय उमटले होते? करड्या रंगाची अंधुक जमीन, तिच्यावर कापसासारखे विखुरलेले ढग, काळे आकाश आणि या दोहोंमधली किंचित वाकलेली कड. तसबीर म्हणून ती फारशी देखणी नाही. परंतु पृथ्वी सोडून अवकाशात गेलेल्या डोळ्याने मागे पाहण्याची ती पहिली वेळ होती.

पुढे तेरा वर्षांनी, ऑक्टोबर १९५९ मध्ये, रशियाच्या 'लूना ३' या यानाने चंद्राची पाठ पाहिली. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. दुसरी बाजू तोवर कोणत्याही मानवाने पाहिली नव्हती. त्या यानात मनुष्य नव्हता. यानाने स्वतःच छायाचित्रे काढली, आतल्या चिमुकल्या अंधारखोलीत फिल्म धुतली, वाळविली आणि तीवरील चित्र रेडिओलहरींनी पृथ्वीकडे धाडले. ती चित्रे इतकी पुसट होती, की पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवरचे डाग आठवावेत. तरी त्या डागांतून शास्त्रज्ञांनी एक काळसर मैदान ओळखले आणि त्याला 'मॉस्को समुद्र' असे नावही देऊन टाकले.

या सर्व चित्रांत ज्याला मानाचे पान द्यावे, ते मात्र १९६८ सालच्या डिसेंबरातले आहे. आणि नवल असे, की ते काढण्याचे कोणी ठरविलेच नव्हते. 'अपोलो ८' या यानातून फ्रँक बोर्मन, जेम्स लॉव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे चंद्राभोवती फिरायला गेले होते. चंद्रावर उतरायचे नव्हते. पुढे येणाऱ्यांसाठी उतरण्याच्या जागा न्याहाळायच्या होत्या. अँडर्स यांच्याकडे चंद्रावरील विवरांची छायाचित्रे घेण्याचे काम होते. पहिल्या तीन प्रदक्षिणांत यानाच्या खिडक्या अशा रोखल्या होत्या, की समोर दिसे ती करडी, खडबडीत, वैराण भूमी. २४ डिसेंबरला चौथी प्रदक्षिणा चालू असता बोर्मन यांनी यान थोडेसे फिरविले, आणि अँडर्स यांना चंद्राच्या क्षितिजावर काही तरी निळे उगवताना दिसले. ती पृथ्वी होती!

कॅमेऱ्यात त्या वेळी कृष्णधवल फिल्म होती. अँडर्स यांनी एक चित्र तिच्यावर घेतले खरे. पण या दृश्याला रंग हवेत, हे त्यांना तत्काळ उमगले. मग एकच धांदल उडाली. रंगीत फिल्म कोठे आहे? लवकर द्या, लवकर! लॉव्हेल शोधू लागले. यान पुढे सरकत होते, पृथ्वी खिडकीतून निसटू पाहत होती. अखेर फिल्म सापडली, कॅमेऱ्यात चढली आणि ते चित्र टिपले गेले. खाली चंद्राची निर्जीव राखाडी माती, वर काळेभोर आकाश आणि त्यात अर्धी उजळलेली, निळी, ढगांची पांढरी वस्त्रे ल्यालेली पृथ्वी. तिघांची घरे, तिघांची मुलेबाळे त्या निळ्या तुकड्यावर होती, सुमारे पावणेचार लाख किलोमीटर दूर.

या चित्राला 'पृथ्वीचा उदय' म्हणतात. येथे एक गोष्ट चिकित्सक विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावी. चंद्रावर एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला पृथ्वी अशी उगवताना दिसणार नाही. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असल्यामुळे तेथील आकाशात पृथ्वी जवळजवळ एकाच ठिकाणी टांगलेली राहते. अँडर्स यांना ती उगवताना दिसली, कारण त्यांचे यान चंद्रामागून फिरून पुढे येत होते. उदय पृथ्वीचा नव्हता, यानाचा होता! आणखी एक गंमत अशी, की मूळ चित्रात चंद्राचे क्षितिज आडवे नसून उभे होते. मासिकांनी आणि पुस्तकांनी ते फिरवून आडवे केले. कारण उगवणे म्हटले की खालून वर, असे माणसाच्या मनात पक्के बसले आहे.

विवरे पाहायला गेलेल्या यानातून ते चित्र आले. विवरांची शेकडो चित्रे आज शास्त्रज्ञांच्या कपाटात आहेत. घरोघरी लागले ते मात्र मागे राहिलेल्या पृथ्वीचे.

पुढल्या वर्षी, जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला. त्या वेळच्या चित्रांची एक मौज आहे. चंद्रावर पहिले पाऊल नील आर्मस्ट्राँग यांचे पडले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुस्तकांतून जो अंतराळवीर पांढरा पोशाख घालून ताठ उभा दिसतो, तो आर्मस्ट्राँग नव्हे. ते त्यांचे सहकारी बझ आल्ड्रिन. हातात धरायचा कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँग यांच्याकडे होता आणि चित्र काढणारा चित्रात येत नाही. शाळेच्या सहलीत कॅमेरा सांभाळणारे गुरुजी एकाही चित्रात सापडत नाहीत, तसेच हे झाले. तरी त्या गाजलेल्या चित्रात आल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत नीट पाहिले, तर समोर उभी असलेली एक छोटी पांढरी आकृती दिसते. ते आर्मस्ट्राँग होत.

तिसरे सहकारी मायकेल कॉलिन्स हे त्या वेळी एकटेच चंद्राभोवती फिरत होते. दोघे मित्र परत येऊ लागले, तेव्हा त्यांनी खिडकीतून एक चित्र घेतले: खाली चंद्र, त्याच्यावर तरंगत येणारे मित्रांचे छोटे यान आणि दूर आकाशात अर्धी पृथ्वी. यानात दोघे माणसे. पृथ्वीवर उरलेली सारी मानवजात. म्हणजे त्या घटकेला जिवंत असलेला प्रत्येक मनुष्य त्या चित्राच्या चौकटीत होता, एकटे कॉलिन्स सोडून. त्या दिवशी विदर्भातल्या एखाद्या घरी पाळण्यात निजलेले बाळदेखील त्या चित्रात आहे, जरी त्याला दाखविता येणार नाही.

१९७२ च्या ७ डिसेंबरला 'अपोलो १७'मधील वीरांनी संपूर्ण उजळलेल्या पृथ्वीचे जे चित्र घेतले, ते तर जगात सर्वाधिक छापल्या गेलेल्या चित्रांपैकी एक मानले जाते. त्यात आफ्रिका आणि अरबस्तान ठळक दिसतात, तळाशी दक्षिण ध्रुवाचा बर्फ चमकतो. भारतीय विद्यार्थ्याची नजर साहजिकच स्वदेश शोधते. तो वरच्या उजव्या कडेला, जवळजवळ गोलाच्या पलीकडे वळून गेलेला आहे. परंतु तेथेच ढगांचा एक भोवरा दिसतो. त्याच आठवड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळलेले ते चक्रीवादळ. तिकडे वाऱ्याने झाडे उन्मळून पडत होती, लोकांच्या घरांत पाणी शिरत होते. आणि अवकाशातून पाहता तीच आपत्ती पांढऱ्या रांगोळीच्या एका वळणासारखी शांत दिसत होती. हे चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण त्या भोवऱ्याखाली माणसे होती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते निराळे दिसते.

आता भारताच्या वाट्याची चित्रे. आकाशातून घेतलेली चित्रे भारतानेही पुढे पुष्कळ मिळविली. परंतु लोकांच्या मनात घर करून राहिली आहेत ती जमिनीवरचीच. केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळून जाते, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांनी अग्निबाण उडविण्यासाठी ते निवडले. जागेच्या त्या शोधात कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस हेही होते. गावकऱ्यांनी आपले गिरजाघर शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत एक फ्रेंच छायाचित्रकार थुंब्यास आले होते. त्यांचे नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्यांनी एक चित्र टिपले. एक सायकल, तिच्या मागच्या कॅरियरवर अग्निबाणाचे शंकूसारखे निमुळते टोक, आणि ते सांभाळीत पायी निघालेले दोघे जण. संस्थेजवळ वाहने मोजकीच होती आणि काम तर थांबवायचे नव्हते. दुधाच्या कासंड्या किंवा गव्हाचे पोते जसे सायकलवर न्यावे, तसे त्यांनी अग्निबाणाचे टोक नेले!

दुसरे चित्र १९८१ च्या सुमाराचे. 'ॲपल' नावाचा भारतीय उपग्रह त्यात चक्क बैलगाडीत बसलेला आहे. हे चित्र पाहून परदेशी लोक हसले असतील. भारतीयांपैकीही कित्येकांना त्यात केवळ दारिद्र्य दिसले. वस्तुतः तेथे दारिद्र्यापेक्षा विचार अधिक होता. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. लॉरीवर ठेवावा, तर तिच्या लोखंडी सांगाड्यामुळे रेडिओलहरींची मोजणी बिघडे. ज्यात धातू कमीत कमी आहे असे वाहन कोणते? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हा प्रश्न घातला, तर तो क्षणात उत्तर देईल. बैलगाडीतही थोडे लोखंड असते, हे तो लागलीच जोडून सांगेल. पण लॉरीपुढे ते काहीच नव्हे. जी गाडी वखर, बी-बियाणे आणि कापसाची बोंदरी वाहून नेते, तिनेच उपग्रह वाहिला. त्याच वर्षी १९ जून रोजी तो उपग्रह युरोपीय अग्निबाणातून आकाशात गेला. बैलगाडीचे काम झाले होते. ती आपल्या वाटेने गेली असेल.

तिसरे चित्र तुलनेने ताजे आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचले. त्या वेळी बंगळूरच्या केंद्रात रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या काही स्त्रिया एकमेकींना आनंदाने भेटत आहेत, असे एक चित्र जगभर प्रसिद्ध झाले. लोकांनी त्यांना शास्त्रज्ञ मानले. नंतर संस्थेनेच सांगितले, की चित्रातल्या त्या स्त्रिया कचेरीचे कामकाज पाहणाऱ्या होत्या. मग शास्त्रज्ञ स्त्रिया कोठे होत्या? त्या होत्या, नंदिनी हरिनाथ, रितू करिधाल, मीनल रोहित अशा कितीतरी जणी या मोहिमेवर राबल्या होत्या. त्या चित्रात आल्या नाहीत, एवढेच. आणि ज्या आल्या, त्यांचा आनंद काही उसना नव्हता. मोहीम त्यांचीही होती.

माणूस याहून दूर गेला नाही, पण त्याची यंत्रे गेली. १९७७ मध्ये निघालेले 'व्हॉयेजर १' हे यान गुरू आणि शनी यांची अद्भुत चित्रे पाठवून पुढे निघाले होते. त्याचे कॅमेरे आता कायमचे बंद करायचे होते. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाने कित्येक वर्षे एक आग्रह धरला होता: यानाने एकदा मागे वळून घराकडे पाहावे. अनेकांना ते पटत नव्हते. एवढ्या दुरून पृथ्वी सूर्याच्या अगदी जवळ दिसणार. सूर्यप्रकाशाने कॅमेरा बिघडण्याचे भय होते. शिवाय त्यातून शास्त्राला नवे काय मिळणार? अखेर १४ फेब्रुवारी १९९० रोजी यान वळले आणि सुमारे सहा अब्ज किलोमीटर अंतरावरून त्याने सूर्यमालेची साठ चित्रे घेतली. त्यांतल्या एका चित्रात, सूर्यकिरणांच्या तिरप्या पट्ट्यात, एक फिकट निळसर कण आहे. टिपण्याच्या यंत्रात चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते, त्यांतील एक संपूर्ण ठिपकाही पृथ्वीने व्यापलेला नाही. शिवेवरच्या वळणाहून गाव निदान दिसते; येथून फक्त ते आहे, एवढेच कळते.

रिसोडच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत लोणार आहे. फार प्राचीन काळी आकाशातून आलेल्या एका पाषाणाने काळ्या खडकात पाडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा. अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी. चंद्रावर मात्र जिकडे तिकडे. म्हणून चंद्रावरील विवरे समजून घेऊ इच्छिणारे शास्त्रज्ञ लोणारच्या काठावर येऊन खडे गोळा करीत बसतात. अँडर्स ज्यांची चित्रे घ्यायला गेले होते, तसले एक विवर वाशिम जिल्ह्यातल्या मुलांना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात या सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. काठच्या लोकांनी ते प्रथम पाहिले; मग पृथ्वीपासून सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या 'लँडसॅट ८' या उपग्रहाच्या चित्रांतही ते उमटले. २५ मेच्या चित्रात सरोवर हिरवे आहे, १० जूनच्या चित्रात गुलाबी. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले. या दोन तारखांमध्ये बरोबर सोळा दिवसांचे अंतर आहे. कारण तो उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच वाटेने पुन्हा येतो.

येताना तो केवळ लोणार टिपीत नाही. पैनगंगेचे वळण, रिसोडचे शिवार, मालेगावची माळराने, वाशिमचे तलाव हे सारे त्याच्या चित्रांत येते. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जमीन. एकरात असे साडेचार ठिपके बसतात. ज्याच्या वडिलांचे शेत पाच एकरांचे आहे, त्या मुलाने हिशेब करून पाहावा: बावीस-तेवीस ठिपके होतात. ज्येष्ठात ते ठिपके मातीच्या रंगाचे असतात, श्रावणात हिरवे होतात, आणि सोयाबीन सोंगून झाले की पुन्हा तपकिरी.